पाल नेमकं काय म्हणते? (इयत्ता तिसरी-चौथी : परिसर अभ्यास आणि मराठी)



'प्राणी व त्यांचे आवाज' हा घटक आपण सगळेच घेतो. कावळ्याची कावकाव, घोड्याचं खिंकाळणं, हत्तीचा चीत्कार, सिंहाची गर्जना. मुलं एका दमात म्हणून दाखवतात आणि परीक्षेत जोड्या बरोबर लावतात. पण खरं सांगा, आपल्या घाटाखालच्या खेड्यातल्या किती लेकरांनी सिंहाची गर्जना कानानं ऐकली आहे? आणि जो प्राणी रोज रात्री त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीवर बसून बोलतो, तो यादीत असलाच तर शेवटच्या ओळीत असतो. पाल – चुकचुकणे. मुलं ते पाठ करतात आणि पुढे जातात.

यंदा मी चौथीच्या वर्गात हा घटक पालीवरूनच घेतला. शाळेत दोन तासिका आणि घरी पंधरा दिवसांची नोंदवही. साहित्य म्हणाल तर वही, पेन्सिल आणि घरातली पाल. बिनखर्चाचं. त्यातून जे निघालं ते सविस्तर लिहिते आहे, कारण हा पाठ मला वाटला होता त्यापेक्षा बराच खोल गेला.

पहिला प्रश्न फळ्यावर लिहिला : पाल पाळीव आहे की जंगली? वर्गात दोन तट पडले. "आपण तिला खायला देत नाही, बांधत नाही, मग पाळीव कशी?" "पण ते आपल्याच घरात राहते ना म्याडम, जंगलात कुठं दिसते?" वाद चांगला रंगू द्यावा, उत्तर लगेच देऊ नये. कुत्रा, गाय, शेळी आपण पाळतो. पाल, चिमणी, उंदीर हे आपल्या आश्रयाला येऊन राहतात. आपण दिवा लावतो, दिव्यावर किडे येतात, किड्यांमागे पाल येते. म्हणजे तिला आपण जेवायला घालत नाही असं म्हणणंही तितकंसं खरं नाही. तिचं ताट आपणच वाढतो, फक्त आपल्याला ते माहीत नसतं.

परदेशात मात्र लोक पाली खरोखर हौसेनं पाळतात, हे सांगितल्यावर मुलांचे डोळे मोठे झाले. 'लेपर्ड गेको' नावाची ठिपक्यांची पाल काचेच्या पेटीत ठेवतात. ती मूळची पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि वायव्य भारताकडच्या कोरड्या खडकाळ मुलखातली. तिचीच एक नातेवाईक आपल्या महाराष्ट्रातल्या माळरानांवर, दगडांखाली राहते. हिच्या डोळ्यांना पापण्या असतात. आपल्या भिंतीवरच्या पालीला पापण्याच नसतात, म्हणून ती जिभेनं डोळा पुसते. लेपर्ड गेकोचं मोठं झालेलं जनावर बहुधा गप्प असतं, पण पिल्लाला भीती वाटली की ते तोंड उघडून चक्क किंचाळतं. (माळरानावर अशी पाल दिसली तर तिला विषारी समजून ठेचू नका आणि पकडून डब्यातही घालू नका, हे मुलांना इथेच सांगून टाकावं.)

आता आवाजाकडे. आपल्याकडे भिंतीवर, कुंपणावर, दगडावर दिसणारी सरपटणाऱ्या प्राण्यांची ही सगळी मंडळी मुलांना आठवायला सांगा. सरडा मुका. सापसुरळी मुकी. साप आणि घोरपड फुसकारतात, पण ते नुसतं हवा सोडणं झालं. त्या सगळ्यांत पाल हीच बोलकी. पालींच्या बहुतेक जातींच्या गळ्यात स्वरतंतू असतात. फुप्फुसातली हवा झटक्यानं बाहेर येते, स्वरतंतू थरथरतात आणि आवाज होतो. थोडक्यात, आपण ज्या पद्धतीनं बोलतो तीच पद्धत.

मुलांचा, आणि पुष्कळ मोठ्यांचाही, समज असतो की पाल जीभ टाळूला लावून चुक्चुक् करते. तसं वाटणं साहजिक आहे, कारण आपण हळहळ व्यक्त करताना तसंच करतो आणि त्यालाही मराठीत चुकचुकणंच म्हणतो. इथे एक छोटी कृती घेतली. सगळ्यांनी गळ्यावर दोन बोटं ठेवायची. आधी जिभेनं चुक्चुक् करायचं. गळ्यात काही जाणवलं? नाही. आता 'आऽऽ' म्हणायचं. बोटांना थरथर लागते. आपलं चुकचुकणं जिभेचं आणि पालीचं चुकचुकणं गळ्याचं, हा फरक पाच मिनिटांत हातानं कळला. पुस्तकात स्वरयंत्राची आकृती येईल तेव्हा येईल, लेकरांना ते आताच सापडलं.

कानाचंही सांगण्यासारखं आहे. पालीच्या डोळ्याच्या मागे दोन्ही बाजूंना एक-एक बारीक भोक दिसतं, तो तिचा कान. बाहेर पाळ नाही. आत पातळ पडदा असतो आणि दोन्ही कानांचे पडदे आतून तोंडाच्या पोकळीनं एकमेकांशी जोडलेले असतात. काही पालींच्या एका कानाकडून उजेड आला तर तो दुसऱ्या कानातून आरपार दिसतो! मुलं यावर फार हसली ("एका कानातून ऐकून दुसऱ्या कानातून सोडते"), पण या जोडणीमुळेच पालीला आवाज कोणत्या बाजूनं आला ते चटकन कळतं. आवाज एका पडद्यावर बाहेरून पडतो आणि दुसऱ्या कानातून आत शिरून त्याच पडद्यावर आतूनही पडतो, त्यातल्या फरकावरून दिशा ठरते.

यावर आम्ही मैदानात एक खेळ खेळलो. चार-चार मुलांचे गट. प्रत्येक गटानं आपली चुकचुकीची लय ठरवायची : कोणी तीन चुक, कोणी पाच चुक, कोणी दोन थांबून दोन. प्रत्येक गटातल्या एकाचे डोळे बांधायचे आणि सगळ्या गोंगाटात त्यानं आपली लय ओळखून आपल्या गटापर्यंत पोचायचं. दुसऱ्या खेळात एका कानावर हात ठेवायला लावला. मग सगळे भलतीकडेच चालू लागले. दोन कान कशाला लागतात, हा प्रश्न त्यानंतर कोणालाच विचारावा लागला नाही.

दुसऱ्या तासिकेत मराठीकडे वळलो. आपल्या भाषेत पाल आवाजासकट वाक्प्रचारात जाऊन बसली आहे : मनात शंकेची पाल चुकचुकणे. मुलांना वाक्यात उपयोग करायला सांगितलं. "बाबांनी अचानक खाऊ आणला तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली" हे एका मुलाचं वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहून ठेवलं.

पण गंमत शेजारच्या भाषांत आहे. बंगालीत पालीला 'टिकटिकी' म्हणतात, आवाजावरूनच. तिकडे घरात कोणी काही बोलताना पाल बोलली की ती 'ठिक ठिक ठिक' म्हणाली असं मानतात. म्हणजे बोलणारा बरोबर आहे. एक लोककथाही आहे. खना नावाची मोठी विदुषी होती, तिचं भविष्य खरं ठरायचं. तिची जीभ कापण्यात आली, ती पालीनं खाल्ली आणि तेव्हापासून पाल खरं बोलू लागली. थायलंडमध्ये घरातल्या पालीला 'चिंगचोक' म्हणतात आणि घराबाहेर पडताना ती बोलली तर थांबावं असा समज आहे. मलेशिया-इंडोनेशियात ती 'चिचक'. जगभर चालणारा 'गेको' हा शब्दही मलाय भाषेतून गेलेला, आवाजाचीच नक्कल.

मी फळ्यावर एका बाजूला 'ठिक ठिक' लिहिलं, दुसऱ्या बाजूला 'चुक चुक' लिहिलं आणि गप्प बसले. थोड्या वेळानं मागच्या बाकावरून आवाज आला, "म्याडम, तिकडची पाल बरोबर म्हणते अन् आपली चूक म्हणते?" वर्गात एकच हशा. पाल तर तीच आहे. आवाज तोच. कोलकात्यात तिनं 'बरोबर' म्हटलं आणि बुलडाण्यात तोच आवाज 'चूक' झाला. मग तिचं म्हणणं नक्की कोण ठरवतं? हा प्रश्न मी वहीत लिहून घ्यायला लावला, उत्तर लिहू दिलं नाही.

आपल्याकडे तर एकाच घरात दोन्ही समज नांदतात. वाक्प्रचारात पाल शंका काढते आणि ओसरीवर तीच पाल साक्ष देते. मुलांनी घरून जे आणलं त्यात बरंच काही होतं. आजी पाल बोलली की 'कृष्ण कृष्ण' म्हणते. आजोबा बोटांनी जमिनीवर टकटक करतात. आई म्हणते, बघ, सत्य आहे. पंचांगात 'पल्लीपतन' म्हणजे अंगावर कुठे पाल पडली तर काय फळ, याचा तक्ता असतो, तोही एकीनं आणून दाखवला. तमिळनाडूत कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात छताला सोन्याची आणि चांदीची पाल आहे आणि भाविक रांग लावून त्यांना हात लावतात. त्या हातांनी पालीचा दोष जातो अशी श्रद्धा आहे. हेही मी सांगितलं, म्हणजे मुलांना हे फक्त आपल्याच आजीचं आहे असं वाटू नये.

इथवर सगळं हसतखेळत चाललं होतं. मधल्या सुट्टीत एक मुलगी माझ्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली. एरवी बडबडी, पण गेले काही दिवस गप्प होती. तिनं खाली बघत सांगितलं, "म्याडम, मी लहान भावाले रागात 'मर' म्हटलं होतं. तेवढ्यात पाल बोलली. दुसऱ्या दिवशी त्याले ताप आला." भाऊ तीन-चार दिवसांत बरा झाला होता, बाहेर खेळतही होता. पण ही मुलगी रोज रात्री त्याच्या अंगाला हात लावून बघत होती. आणि घरात काही बोलायचं तर आधी भिंतीकडे बघत होती.

पालकहो, हे वाचून क्षणभर थांबा. 'पाल बोलली, सत्य आहे' हे आपण मोठी माणसं गमतीनं, सवयीनं म्हणतो आणि विसरतो. नऊ वर्षांचं लेकरू ते गमतीनं ऐकत नाही. ते त्याला पूर्ण अर्थानं लागू करतं, मनातल्या मनात हिशोब मांडतं आणि कोणाला सांगत नाही.

मी तिला आधी स्पष्ट सांगितलं की ताप तुझ्या बोलण्यानं आला नाही, त्या आठवड्यात वर्गातली कितीतरी मुलं तापानं घरी होती. तिनं मान हलवली, पण तेवढ्यानं भागलं नाही हे दिसत होतं. मग विचारलं, "पाल त्या दिवशी एकदाच बोलली का?"

"नाही, रोजच बोलते."

"मग तू रोज काय काय बोलतेस? ते सगळं झालं?"

ती बराच वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, "मी म्हटलं होतं का उद्या शाळेले सुट्टी राहीन. तवा बी बोलली होती. सुट्टी कुठं राहिली!" आणि पहिल्यांदा हसली.

नोंदवहीचा हा उपक्रम तिथून ठरला. त्यातले रकाने नीट सांगते, कारण सगळी मेख त्यातच आहे. तारीख आणि वेळ. दिवा चालू की बंद. पाली किती दिसल्या. किती वेळा 'चुक' झालं, मोजून. त्या वेळी घरात कोण काय बोलत होतं. हा शेवटचा रकाना कधीही रिकामा सोडायचा नाही, कोणीच बोलत नसेल तर 'कोणीच बोलत नव्हतं' असं लिहायचं. आणि आणखी एक रकाना आठ दिवसांनी भरायचा : बोललेलं झालं का?

'कोणीच बोलत नव्हतं' ही नोंद मुलांना सुरुवातीला फालतू वाटते. "म्याडम, कोणी बोललंच नाही तर लिहायचं कशाले?" तिथे आग्रह धरा. आपली सगळी श्रद्धा या नोंदी न ठेवण्यावर उभी असते. कोणी बोलत असताना पाल बोलली की घरातले सगळे एकमेकांकडे बघतात आणि ते लक्षात राहतं. मध्यरात्री स्वयंपाकघरात ती एकटीच बोलली तर ते कोण लक्षात ठेवणार?

पंधरा दिवसांनी वह्या आल्या तेव्हा त्या वाचण्यात माझा अख्खा रविवार गेला, पण असा रविवार पुन्हा चालेल. पहिल्याच काही पानांत दिसलं की नोंदी बहुतेक दिवेलागणीनंतरच्या आहेत. दुपारच्या फार थोड्या. बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की ट्यूबलाइटजवळ दोन पाली होत्या आणि एक दुसरीच्या मागे लागली होती. 'कोणीच बोलत नव्हतं' भरपूर. 'टीव्हीवरची बाई बोलत होती' हेही भरपूर, आणि एकानं त्यापुढे लिहिलं होतं : 'मग त्या बाईचं खरं होईल का?' एका मुलाची नोंद अशी : 'बाबा म्हणाले यंदा सोयाबीनला चांगला भाव येईल. पाल सहा वेळा बोलली. भाव आला नाही.' ही नोंद वाचून हसावं की काय करावं कळेना. आपल्या जिल्ह्यात हे वाक्य दरवर्षी किती भिंतींखाली बोललं जात असेल!

खऱ्या ठरलेल्या नोंदीही होत्या, त्या लपवायच्या नाहीत. 'आई म्हणाली लाइट जाईल. पाल बोलली. लाइट गेली.' यावर वर्गात जोरदार चर्चा झाली. एक जण म्हणाला, बघा, खरं झालं. मी फळ्यावर चार घरांचा चौकोन काढला. पाल बोलली आणि झालं. पाल बोलली आणि नाही झालं. पाल नाही बोलली तरी झालं. पाल नाही बोलली आणि नाही झालं. पहिलं घर भरायला सगळ्यांकडे गोष्टी होत्या. दुसरं घर वह्यांमधून भरलं. तिसऱ्या घराशी सगळे अडकले, कारण त्याची नोंद कोणी केलीच नव्हती. मग एका मुलीनं तोडगा काढला : लाइट तर रोजच जाते, पाल बोलो की न बोलो. आठवडाभर फक्त लाइट गेल्याच्या वेळा लिहू, पाल बोलली का तेही लिहू. मी काहीच सांगितलं नव्हतं. चौथीच्या गणितात माहितीचं वर्गीकरण येतं, ते आपण फळांच्या आणि खेळांच्या आवडीवर शिकवतो. माझ्या मते हा चौकोन त्याहून उपयोगी आहे. मोठेपणी कोणी अंगारा विकायला आला, कोणी मोबाइलवर पैसे दुप्पट करून देतो म्हणाला, तर तिथेही हाच चौकोन लागतो.

आता मुलांच्या नोंदी आणि शास्त्रज्ञांच्या नोंदी शेजारी ठेवून बघा. आपल्या घरातल्या पाली हेमिडॅक्टिलस या गटातल्या. ग्रीक भाषेतलं नाव, अर्थ साधारण 'अर्ध्या बोटांची'. आपल्या महाराष्ट्रातही या गटाच्या नवनव्या जाती सापडत असतात. साताऱ्याच्या नावानं ओळखली जाणारी 'हेमिडॅक्टिलस सातारेन्सिस' ही जात २००८ साली वरद गिरी आणि ॲरन बावर यांनी जगापुढे आणली. याच गटातली एक जात दक्षिण आशियातून बोटींच्या मालाबरोबर जगभरच्या उष्ण प्रदेशांतल्या घरांत पोचली. डेल मार्सेलिनी या अमेरिकन संशोधकानं तिच्या आवाजांचा अभ्यास करून १९७४ साली तो प्रसिद्ध केला. त्यांना तीन प्रकारचे आवाज वेगळे काढता आले. एक, लागोपाठ चुक-चुक-चुक, जो आपण नेहमी ऐकतो. हा मुख्यतः नर काढतात. ही जागा माझी आहे, मी इथे आहे, असा त्याचा साधारण उपयोग. दुसरा, एकच तुटक चुक. पालीला कोणी पकडलं, ती घाबरली की येतो. तिसरा, घर्रर्र असा लांबट आवाज, दोन नर भिडतात तेव्हा. हा क्वचित ऐकू येतो.

म्हणजे मुलांनी लिहिलेलं 'दोन पाली होत्या, एक दुसरीच्या मागे लागली होती' हे वाक्य नेमक्या जागी बोट ठेवतं. पालीचं बोलणं पालीसाठी असतं. आपण त्या संभाषणात कुठेच नाही. आणि ती नेमकी आपल्या बोलण्यातच का बोलते, याचंही उत्तर वेळेच्या रकान्यात आहे. शेतातून माणसं घरी येतात, दिवा लागतो, जेवणं होतात, गप्पा रंगतात, तीच किड्यांची वेळ, तीच पालीच्या शिकारीची आणि हद्दीच्या भांडणाची. आपण आणि पाल एकाच दिव्याखाली एकाच वेळी बोलतो. गाठ पडणारच.

आवाजावरचा विश्वास दर वेळी निरुपद्रवी राहत नाही, म्हणून एक उदाहरण. ईशान्य भारतात आणि त्यापलीकडे आग्नेय आशियात 'टोके' नावाची मोठी पाल आहे, फूटभर लांब, निळसर अंगावर नारिंगी ठिपके. आधी गुरगुरते आणि मग मोठ्यानं 'टो-के, टो-के' असं ओरडते, तेच तिचं नाव. इंडोनेशियात तिच्या हाका मोजून हो-नाही ठरवण्याची जुनी पद्धत आहे. पुढे कोणीतरी उठवलं की या पालीनं एड्ससारखे आजार बरे होतात आणि तिचे लाखो रुपये येतात. याला काही आधार नाही. २०११ साली फिलिपिन्सच्या सरकारला असे उपचार करू नका म्हणून लोकांना सावध करावं लागलं. २०१९ साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आलं, आणि आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिला पकडणं-विकणं गुन्हा आहे. कोणाच्या मोबाइलवर 'ही पाल शोधा, लखपती व्हा' असं आलं तर मुलांना ही माहिती असलेली बरी.

काही पालकांनी विचारलं की श्रद्धेच्या गोष्टीत शाळेनं कशाला पडायचं. माझं म्हणणं सरळ आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणं हे आपल्या संविधानात कलम ५१क मध्ये नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ पासून लिहिलेलं आहे आणि चौथीतलं मूल हे नागरिकच आहे. पण वही देताना मी मुलांना बजावलं होतं की आजीला खोटं पाडायला वही दिलेली नाही. आजीला 'कृष्ण कृष्ण' म्हणू द्या, तुम्ही फक्त लिहा. एका घरी तर आजीच रात्री नातवाला उठवून सांगायची, "अरे लिही, आता बोलली, कोणीच बोलत नव्हतं." तिच्या नोंदी वर्गात सगळ्यांत काटेकोर निघाल्या.

जाता जाता पोषण आहाराचं. पाल विषारी असते, ती अन्नात पडली तर विषबाधा होते, असं सर्रास म्हणतात. जगात पालीची एकही जात विषारी नाही. पण तिच्या अंगावर आणि लेंडीत साल्मोनेला सारखे जंतू असू शकतात, म्हणून अन्न झाकून ठेवायचं, पाल पडलेलं अन्न टाकून द्यायचं आणि पालीला किंवा तिच्या लेंडीला हात लागला तर साबणानं धुवायचा. भीती एका बाजूला ठेवा, झाकणी मात्र ठेवाच. झाडूनं पाली मारत बसायची गरज नाही. एका रात्रीत ती किती डास-किडे खाते ते नोंदवहीत मुलांनीच मोजायचा प्रयत्न केला आहे, सगळ्यांचे आकडे वेगळे आले, तो वेगळाच पाठ होईल.

ज्यांना हा उपक्रम करायचा आहे त्यांनी डिसेंबर-जानेवारी टाळावा. पालीचं रक्त आपल्यासारखं स्वतःहून उबदार राहत नाही, थंडीत ती फटीत दडून गप्प बसते. घाटावर चिखली, मेहकर, देऊळगाव राजाकडे थंडी जरा जास्त, तिकडे फेब्रुवारी संपता संपता सुरू करा. आमच्याकडे घाटाखाली त्याआधीच भिंती बोलू लागतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला दिव्यावर किडे भरपूर, तेव्हाही चांगल्या नोंदी मिळतात. ज्यांच्याकडे मोबाइल आहे त्यांनी आवाज ध्वनिमुद्रित करून वर्गात हळू वेगानं ऐकवा. एक 'चुक' हळू ऐकली की वेगळीच लागते, आणि मग ती कोणत्या अक्षरांत लिहायची यावर मुलं भांडतात. भांडू द्या.

आणि एक मागणं. आपल्या जिल्ह्यात घरी मराठी न बोलणारी पुष्कळ मुलं शाळेत येतात. उर्दू, बंजारा, कोरकू बोलणारी. जळगाव जामोदकडे सातपुड्याच्या पायथ्याला तर निहाली बोलणारी घरं आहेत, जिचं दुसऱ्या कोणत्याही भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही अशी ही भाषा, आणि ती बोलणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत. त्या भागातल्या शिक्षकांनी मुलांना एवढंच विचारा : तुमच्या घरी पालीला काय म्हणतात आणि ती काय म्हणते? मूल जसं उच्चारेल तसंच देवनागरीत लिहून घ्या, आपल्या शाळेचं 'चुकचुक' त्याच्यावर लादू नका. माझ्या वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता लावला आहे. त्यात आत्ता 'चुक चुक', 'ठिक ठिक', 'चिंगचोक', 'चिचक' आणि 'टो-के' एवढंच आहे. खाली बरीच जागा रिकामी आहे.